राजनांदगावात मी नुसतं ‘हौ’ म्हणालो

हॉकीचा सामना बघायला बाहेरगावी जायचं तर कुठं जावं, हे आमच्या नात्यागोत्यात मला विचारतात. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी खुर्ची सरकवत जवळ येतो आणि म्हणतो, "भाऊजी, पोरीची मॅच भोपाळले हाय, काय पाहून जाऊ?" मी लगेच जाणकाराचा चेहरा करतो. खरं म्हणजे आयुष्यात मी हॉकीची स्टिक हातात धरली ती दुसऱ्याची, आणि तीही पिशवीत घालून वाहण्यापुरती. पण या खेळात मार मी भरपूर पाहिला आहे, थोडा खाल्लाही आहे. शिवाय नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. त्यामुळे लोक गावं लक्षात ठेवतात देवळांवरून, खाण्यावरून. मी ठेवतो हाडांवरून.

अमरावती म्हणजे माझ्या कपाळावरचे चार टाके. दगड कोणाला मारला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण लागला मला. तरी अमरावतीला जावं, कारण सकाळच्या एसटीनं निघालं की जेवायला घरी येता येतं, टाके पडले तरी. इटारसी म्हणजे एका पंचाची बरगडी. तिथलं मैदान स्टेशनपासून इतकं जवळ की हाणामारी सुरू झाली की अर्धे प्रेक्षक गाडी पकडायला पळतात. पाहुण्यांसाठी ही मोठी सोय. भोपाळ म्हणजे हॉकी समजणारं गाव. तिथं मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आधी "जनाब, आप ग़लत फ़रमा रहे हैं" म्हणून माझी चूक दुरुस्त केली, पेनल्टी कॉर्नर का नव्हता ते समजावून सांगितलं, आणि मग माझ्या शेजारच्याच्या कानाखाली वाजवली. भुवनेश्वरला आम्ही एकदा मोठा सामना बघायला गेलो होतो. निळं टर्फ, नंबर घातलेल्या खुर्च्या, थंडगार पाणी. कोणी कोणाला बोटही लावलं नाही. परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "पैसे वाया गेले जी."

बायकोबद्दल आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी तिला बघायला गेलो तेव्हा ती पोह्यांची बशी घेऊन दोन पायऱ्या उतरली. लुगडं जरा वर झालं आणि मला तिच्या नडग्या दिसल्या. काळे-जांभळे व्रण, एक तर चांगला खोल. मला वाटलं, बिचारी स्वयंपाकात भाजली असेल. घरी येऊन आईला म्हणालो, "मुलगी कामाची आहे." लग्नानंतर कळलं की ती कॉलेजच्या संघात पुढच्या फळीत खेळायची, नडग्या स्टिकनं फुटलेल्या आहेत, आणि समोरचे दोन दात बसवलेले आहेत. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे हातमागावर बसायचे. भांडण झालं तर धोटा खाली ठेवून उठून जायचं, अशी आमची रीत. हिच्या माहेरी भांडण झालं की आधी दाराची कडी लावायचे, म्हणजे कोणी निघून जाऊ नये.

मुलगी आईवर गेली. सेंटर हाफ खेळते, पाठीवर पाच नंबर. अंगानं माझ्यासारखी काटक, पण बॉल अडवायला गेली की भिंत. ती बारा-तेरा वर्षांची होती तेव्हापासून आम्ही दोघं तिच्या मागे गावोगाव फिरलो. कामाची वाटणी ठरलेली: बायको ओरडायची, मी पिशव्या सांभाळायचो. बायको कोणावर धावून गेली की मी मागून "जाऊ दे वं, जाऊ दे" म्हणायचो आणि तिचा पदर धरायचो. पदर बहुधा सुटायचा.

जबलपूरला सुटला. तिथल्या खव्याच्या जिलबीसाठी ते गाव मी वरच्या नंबरात ठेवतो, पण त्या दिवशी जिलबी तशीच राहिली. मागे बसलेल्या एका तरुण माणसानं मुलीच्या अंगाबद्दल एक वाक्य म्हटलं. ते मी इथं लिहीत नाही. बायकोनं मान वळवली नाही, चप्पल काढली नाही, काही नाही. मुलीची जादा स्टिक माझ्या मांडीवर होती, ती तिनं उचलली आणि बसल्या जागेवरून मागे, खांद्यावरून, सरपण फोडावं तशी हाणली. त्या माणसाचा हात पुढच्या दांडीवर होता. करंगळीच्या मागचं हाड. तो ओरडला, उठला आणि त्याच्या मित्रानं बायकोचे केस धरले. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. दात बसवलेले, पण काम चोख. रक्त आलं. मी मधे पडलो आणि पोटात एक लाथ खाल्ली. सगळं शांत झाल्यावर, हात पोटावर धरूनच, त्या करंगळीवाल्याला मी म्हणालो, "बर्फ लावा, आणि तिरप्या बाजूनंही एक फोटो काढून घ्या." बायको माझ्याकडे बघतच राहिली.

सामना दहा मिनिटं थांबला. मुलींच्या प्रशिक्षक मॅडम, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीतच मुलीला सांगितलं: राजनांदगावची स्पर्धा झाली की राज्याच्या शिबिराची यादी लागणार आहे, आणि त्या यादीत तिचं नाव जवळजवळ आहे. पण पालकांचा आणखी एक तमाशा झाला तर आपण स्वतःच्या हातानं ते नाव खोडू. मॅडम बोलल्या की करतात.

घरी आल्यावर मुलीनं आम्हाला दोघांना समोर बसवलं. आजवर आम्ही तिला असं बसवत आलो होतो.

"आई, तू राजनांदगावले नको येऊस."

"काहून? मी काय केलं? त्यानं का म्हटलं ते तुले माहीत हाय का?"

"मले मैदानात रोज ऐकू येते. मी कोणाचं बोट तोडून राहिली का?" मग ती माझ्याकडे वळली. "बाबा येतील. बाबा कोणाले काही म्हणत नाही."

ते कौतुक होतं की काय, हे मी फार तपासलं नाही. छाती फुगली एवढं खरं. बायकोनं डबा भरून दिला, स्टेशनवर सोडायला आली आणि गाडी हलताना म्हणाली, "तोंड बंद ठेवजा जी. तसंही काही निघत नाही त्यातून."

राजनांदगाव हे हॉकीच्या माणसाचं गाव आहे, यात शंका नाही. आमच्याकडे गॅस आला का विचारतात, तसे तिथं चहावाले आदल्या दिवशीचा स्कोअर विचारतात. भोपाळचे लोक हॉकीबद्दल बोलतात; इथले नुसते येऊन बसतात. बायका, म्हातारे, सायकल कुंपणाला टेकवून दूधवाले. मैदान लहान, कुंपण बाजूच्या रेषेला लागून, आणि बसायला सिमेंटच्या चार पायऱ्या. बॉल पायाशी येऊन थांबतो. स्टिकला स्टिक लागल्याचा आवाज दातांत जाणवतो.

आमच्या मुलींचे दोन-चार पालक पलीकडच्या बाजूला बसले होते. मी मुद्दाम त्यांच्यात गेलो नाही. म्हटलं, गोंधळ झाला तर तिकडे होईल, आपण अलीकडे. एका पायरीवर जागा दिसली, शेजारी माझ्याच वयाचा एक जाडसर माणूस, गळ्यात गमछा, पुढ्यात कागदावर उकडलेली फल्ली, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. मी विचारलं, "जगा हाय का गा?"

"हव गा, बइठ," तो म्हणाला आणि सरकला.

इथं थोडं भाषेचं सांगावं लागेल. आम्ही नागपूरकडचे पुरुष एकमेकांना ‘गा’ म्हणतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पुण्याकडचे लोक त्यावरून हसतात. पण छत्तीसगडीतही गडीमाणसं एकमेकांना ‘गा’च म्हणतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि आमच्या ‘हौ’ला ते ‘हव’ म्हणतात. ऐकायला एकच. या दोन शब्दांच्या जोरावर त्या माणसानं मला आपला मानलं. "डोंगरगढ़ डहर के अस का?" त्यानं विचारलं, म्हणजे डोंगरगडकडचा का. मी म्हणालो, "हौ."

इथंच सगळं झालं. नागपुरी माणूस ‘हौ’ म्हणतो ते होकार म्हणून नव्हे. समोरचा बोलत असतो, आपण मधे मधे ‘हौ, हौ’ करत असतो, म्हणजे ऐकून राहिलो, चालू द्या. माझ्याकडे एक्स-रे काढायला आलेला पेशंट सुनेबद्दल तक्रार करतो, मी ‘हौ’ म्हणतो. मग सून येऊन सासऱ्याबद्दल सांगते, मी ‘हौ’ म्हणतो. बायकोला तर मी तीस वर्षं ‘हौ’ म्हणत आलो आहे आणि तिनं त्याचा अर्थ कधीच होकार असा घेतलेला नाही. पण राजनांदगावात ‘हव’ म्हणजे होय.

त्यानं मला फल्ली दिली. मैदानातल्या तीन नंबरकडे बोट दाखवून म्हणाला, "ओ मोर बेटी ए." उंच मुलगी, फुल बॅक, खांदे चांगले रुंद. तो इतक्या सरळपणे म्हणाला की मीही सांगायला हवं होतं. पण मला बाहेरगावच्या मैदानावर पहिल्यांदाच कोणी फल्ली दिली होती, पाठ टेकायला जागा दिली होती, आणि कोणी माझ्या मुलीला शिव्या देत नव्हतं. मी गप्प राहिलो. पहिली पंधरा मिनिटं बाहेरगावच्या सामन्याचं इतकं सुख मी कधी घेतलं नव्हतं.

मग पाच नंबरनं गोल केला. उजवीकडून बॉल घेऊन तिघींना मागे टाकत गोलासमोरच्या डीमध्ये घुसली आणि उलट्या हातानं मारला. पलीकडच्या बाजूचे पालक उठून नाचले. मी मांडीवर मूठ दाबून बसलो. फल्ली सोलायची थांबवून शेजारचा बराच वेळ माझ्या मुलीकडे बघत होता.

"ए पाँच नंबर ह मारही हमन ला," तो म्हणाला. ही आपल्याला हरवणार. मी म्हणालो, "हौ."

"एला रोके बर परही." हिला थांबवावं लागेल.

"हौ."

तो पुढे वाकला. आवाज खाली आणून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "एक बार उंगली में परही त सब भुला जाही. सही कहत हंव न गा?"

त्याचं सगळं मला समजलं होतं. बोटावर एकदा बसली की सगळं विसरेल, बरोबर बोलतोय ना. मला ते समजलं, आणि तरी माझ्या तोंडून, सवयीनं, मान हलवत, जे तीस वर्षं निघत आलं तेच निघालं.

"हौ."

तो उठला, कुंपणाला दोन्ही हात लावले आणि ओरडला, "नोनी, ओखर हाथ ला देख." नोनी म्हणजे पोरगी. पोरी, तिचा हात बघ. तीन नंबरनं बापाकडे एकदा बघितलं. मी तोंड उघडलं असेल, नसेल. मला आठवतं ते एवढंच की माझ्या तोंडात फल्ली होती आणि ती गिळावी की थुंकावी हे मला ठरवता येत नव्हतं.

बॉल रेषेजवळ आला, आमच्या समोरच. पाच नंबर वाकली, उजवा हात स्टिकवर खाली. तीन नंबर धावत आली. बॉल केव्हाच निघून गेला होता. स्टिक आली ती वरून. आवाज मी ऐकला. सगळे म्हणतात इतक्या गलक्यात बोटाच्या हाडाचा आवाज ऐकू येणं शक्य नाही, आणि दुसरा कोणी म्हणाला असता तर मीही तेच म्हणालो असतो. ओली काडी मोडावी तसा आवाज. माझी मुलगी गुडघ्यावर बसली आणि हात पोटाशी धरून पुढे वाकत गेली, कपाळ टर्फला लागेपर्यंत. ओरडली नाही.

आणि शेजारच्या माणसानं आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी उठलो. पुढचं मी सांगतो, पण ते मी केलं असं मला अजून नीट वाटत नाही. मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. आयुष्यातला पहिला. तो मागे पडला, त्याची पाठ पायरीच्या कडेला लागली, नाकातून रक्त आलं आणि गमछ्यावर, फल्लीच्या कागदावर सांडलं. तिथं थांबता आलं असतं. जबलपूरला बायको एक फटका आणि एक चावा, एवढ्यावर थांबली होती. मी थांबलो नाही. मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं तरी मी हातांवर मारलं. कानावर मारलं. माझा हात मोडलेला होता, तो मला मोडल्यासारखा वाटत होता, आणि तरी मी त्याच हातानं मारत होतो. तो खालून "का होगे गा, का होगे" म्हणत होता, म्हणजे काय झालं, काय झालं. त्याला खरंच कळत नव्हतं.

मग त्याची माणसं आली. एकानं कॉलर धरून मला मागे ओढलं, शर्ट उसवला. एक लाथ बरगडीत, एक मांडीवर. पाण्याची स्टीलची बाटली कानामागे बसली आणि सगळं मैदान एकदा पांढरं झालं. एका बाईनं चपलेनं पाठीवर मोजून मारलं. म्हणजे मला वाटलं मोजून, इतक्या सावकाश. वरच्या पायरीवरून कोणीतरी अंगावर उडी मारली आणि चुकून तिच्यावरच पडला, मग ती त्याला मारू लागली. मला हसू येत होतं आणि ओठ फाटलेला असल्यामुळे हसता येत नव्हतं. शेवटी हवालदार आला आणि त्यानं कोणाला मारायचं हे न ठरवता सगळ्यांच्या पोटऱ्यांवर काठी चालवली.

पंचांनी शिट्टी वाजवून सामना थांबवला. तीन नंबरला कार्ड मिळालं, ती बाहेर उभी राहून बापाकडे बघत होती. लाउडस्पीकरवर दर्शकांना शांततेची विनंती चालू होती. हवालदारानं मला दंडाला धरून उभं केलं आणि विचारलं, "ये किधर का आदमी है?"

नाकाला गमछा लावून तो माणूस म्हणाला, "हमर डहर के ए. डोंगरगढ़ के." रागानं म्हणाला. आपला असून मारलं, हे त्याचं दुःख.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर नागपूरचा ठरलो असतो, आणि नागपूरचा म्हणजे पाच नंबरचा बाप. कुंपणाच्या आत, दहा हातांवर, मॅडम मुलीच्या बोटांना बर्फ लावत होत्या. त्यांनी मान वर केली. मी नेहमी पिशव्यांमागे असायचो म्हणून त्यांनी मला नीट कधी बघितलं नव्हतं, पण अगदीच बघितलं नव्हतं असंही नाही. त्या कुंपणाजवळ आल्या. मुलगीही मागोमाग आली, हात वर धरून.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. फाटका शर्ट, तोंडावर रक्त, एक डोळा मिटलेला. मग मुलीला विचारलं, "हे तुझे वडील आहेत का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिची नजर माझ्या उजव्या हातावर गेली, तो मी डाव्या हातात धरला होता, जसा तिनं तिचा धरला होता.

"नाही मॅडम."

"नक्की?"

"मी नाही ओळखत."

मॅडमनी एकदा तिच्या हाताकडे बघितलं, एकदा माझ्या. मला वाटतं त्यांना कळलं होतं. मग त्या म्हणाल्या, "चल, पट्टी करू," आणि पाठ फिरवली. मीही मान खाली घातली, अनोळखी माणसानं घालावी तशी. तिनं तसं म्हणावं हीच माझी त्या क्षणी इच्छा होती. आणि तिनं ते म्हटल्यावर जे झालं ते बरगडीतल्या लाथेपेक्षा खाली कुठंतरी झालं.

आम्हा दोघांना, मला आणि त्या माणसाला, हवालदारानं फाटकाबाहेर काढलं. भिंतीला टेकून आम्ही बसलो, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. आत सामना परत सुरू झाल्याचे आवाज येत होते. दिसत काही नव्हतं. थोड्या वेळानं मी त्याच्याजवळ सरकलो. तो मागे झाला. मी म्हणालो, "हाड पाहून राहिलो." डाव्या हातानं त्याच्या नाकाचा वरचा भाग दाबून बघितला. सरळ होता. "हड्डी नहीं टूटी," मी सांगितलं.

"तैं कोन अस गा?" त्यानं विचारलं, म्हणजे तू आहेस कोण.

"पाँच नंबर मेरी बेटी है."

नाकातलं रक्त जमिनीवर टिपटिप पडत होतं आणि तो ते बघत होता. मग म्हणाला, "मैं त बता दे रहेंव, मोर बेटी ए कहिके. तैं काबर नइ बताए?" मी तर सांगितलं होतं, तू काहून नाही सांगितलं. आणि जरा थांबून, "मैं पूछेंव. तैं हव कहे."

आमच्याकडे ते होकार म्हणून नसतं, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तो उठला, गमछा झटकला आणि त्याची सायकल घेऊन गेला. आतून ओरडा आला. कोणी गोल केला ते भिंतीवरून कळलं नाही. सामना आम्ही हरलो, दोन-एक, आणि मुलगी बोटं एकत्र बांधून शेवटपर्यंत खेळली, हे मला नंतर स्टेशनवर दुसऱ्यांच्या बोलण्यातून समजलं.

परतीच्या गाडीत संघ पुढच्या डब्यात होता, मी मागे. गोंदियाला गाडी थांबली तेव्हा मुली पाणी भरायला खाली उतरल्या. ती माझ्या खिडकीसमोरून गेली. थांबली नाही. पण परत येताना खिडकीच्या लोखंडी पट्टीवर बर्फाची ओली पिशवी ठेवून गेली, स्वतःच्या हातावरची. मी ती माझ्या हातावर ठेवली. तोपर्यंत तिच्यात नुसतं पाणी होतं.

बायकोला काही सांगावं लागलं नाही. दार उघडून तिनं आधी माझा डोळा बघितला, मग हात. माझी बोटं उलगडली आणि म्हणाली, "अंगठा आत ठेवून मारलं ना?"

"हौ."

"बाहेर ठेवा लागते जी. असा." तिनं माझ्या सुजलेल्या हाताची मूठ बांधून दाखवायचा प्रयत्न केला आणि मी ओरडलो. "एवढं तर पोरगीलेही येते." मग ती आत गेली आणि हळद गरम करायला ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमान म्हणणार नाही. ती म्हणू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला मी दवाखान्यात घेऊन गेलो. माझा फोटो सहकाऱ्यानं काढला: करंगळीमागचं हाड, तेच जे जबलपूरच्या माणसाचं मोडलं होतं, आणि अंगठ्याचा सांधा. तिचा मात्र मी स्वतः काढला, डाव्या हातानं. तिचा हात प्लेटवर ठेवला, बोटं एकेक वेगळी केली. रोज पन्नास माणसांना सांगतो तसं सांगितलं, "हलवू नका." मग म्हणालो, "नको हलवू."

अनामिकेत तडा होता, सरळ, हाड जागेवर. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे. यादी त्याच सकाळी लागली होती आणि तिचं नाव त्यात होतं. शिबिर एका महिन्यानं. तिनं दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या, एक तिची, एक माझी.

"तुमचं जास्त तुटलं," ती म्हणाली.

"हाड जुनं हाय."

"त्याले काहून मारलं?"

"तुले लागलं म्हणून," मी म्हणालो. हे खरं होतं. बाकीचं मी सांगितलं नाही. त्या माणसानं विचारलं होतं आणि मी काय म्हणालो, हे मी तिला आजही सांगितलेलं नाही.

ती फिल्म पाकिटात घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडमले मी ‘नाही’ म्हटलं. तुम्हाले वाईट वाटलं?"

"नाही. बरोबर केलं."

"मले वाटलं." पाकीट तिनं काखेत धरलं. "पुढच्या वेळी येऊ नका बाबा. आईले पाठवा, ती निदान फटका मारून मोकळी होते. मले दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणता येणार नाही."

बाहेर पेशंटची रांग वाढली होती. मी प्लेट पुसली आणि पुढच्याला आत घेतलं.